उलटी ओवलेली साखळी

आदिलाबाद जिल्ह्यात मी फिरायला गेले नव्हते, मला पाठवलं होतं. आमच्या सरांनी सांगितलं, "प्रल्हादला घेऊन ये," आणि मी मांडीवर एक पत्र्याची पेटी घेऊन गाडीत बसले. परत आले तेव्हा पेटी होती, प्रल्हाद नव्हता. तिकडे काय पाहिलंस, असं लोक विचारतात. सागवानाचं जंगल आहे, धबधबे आहेत, प्राणहितेचं पात्र आहे, असं मी त्यांना ऐकीव सांगते. यातलं मी काहीच धड पाहिलं नाही. जे पाहिलं ते विचारणाऱ्याला दारात उभं राहून सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी थोडं कामाचं सांगायला हवं. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. आमच्या प्रयोगशाळेत प्रथिनांचे स्फटिक करत. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. ती स्वतःभोवती गुंडाळली जाते, आणि घडी जशी बसेल तसं तिचं काम ठरतं. स्फटिकातून क्ष-किरण सोडले की फिल्मवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून पुष्कळ गणित केलं की एक नकाशा मिळतो, पण तो स्पष्ट रेषांचा नसतो, ढगांचा असतो. अणू दाट असतील तिथे ढग दाट. त्या ढगांतून साखळी कुठून शिरली, कुठे वळली, हे शेवटी माणसाच्या डोळ्यांनी ओळखायचं. आणि त्याबरहुकूम नमुना, म्हणजे साखळीची प्रतिकृती, बांधायचा.

आमचं प्रथिन एक एन्झाइम होतं. सुताला लावलेली खळ धुऊन काढायला कापडगिरण्यांना ते हवं होतं. पण गिरणीत पाणी कढत, आणि त्यात आमचं एन्झाइम लगेच निकामी व्हायचं. साखळीतल्या एकदोन कड्या बदलून, जवळजवळ आलेल्या दोन घड्यांमध्ये जणू टाका घालून, त्याला उष्णता सोसेल असं करायचं हे माझं काम. टाका कुठे घालायचा ते सरांनी बांधलेल्या नमुन्यात बघून ठरवायचं. मी बघितलं, ठरवलं, टाका घातला. एन्झाइम नासलेल्या दुधासारखं फाटून नळीच्या तळाशी बसलं. दुसऱ्या जागी बदल केला, तेच झालं. तिसऱ्या जागी तेच. यातच माझी तिशी उलटली. माझ्यानंतर लागलेल्या मुली प्रबंध संपवून बाहेर पडल्या, आणि माझ्या हाताला गुण नाही असं लोक मागे बोलायला लागले.

मग एका दुपारी सरांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "प्रल्हाद म्हणून एक मुलगा होता. तो म्हणायचा, साखळी एका ठिकाणी उलटी ओवली आहे."

परवा पाऊस पडला होता असं सांगावं, तशा आवाजात हे सांगितलं.

"कधी म्हणायचा?" मी विचारलं.

"तू यायच्या आधी. हुशार होता. स्वभावाने हेकट." सरांनी चष्मा पुसला. "मंचेरियलला असतो. ये म्हणावं. जागा देऊ, राहिलेला प्रबंध मार्गी लावू. संशोधनाच्या पेपरात नाव येईल. तू सांगितलंस तर ऐकेल."

मी कोण, मी सांगितल्यावर तो का ऐकेल, हे मी विचारलं नाही. नमुना चुकलेला असू शकतो एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

मंचेरियल

बल्लारशाच्या पुढे स्टेशनांबाहेरच्या पाट्या तेलुगूच्या गोल गोल अक्षरांच्या होतात. शेतं तीच असतात, डोक्याला बांधलेलं फडकं तेच असतं, पण वाचता येत नाही म्हणून माणूस उगाच परका होतो. मंचेरियलला उतरले तेव्हा सकाळची वेळ होती. स्टेशनाबाहेर कोळशाच्या वाघिणी उभ्या होत्या आणि सगळ्या गावावर एक बारीक काळी धूळ होती. खानावळीच्या केळीच्या पानावर, फुलवालीच्या शेवंतीवर, सगळीकडे. आमच्याकडे घरं मळतात तेव्हा लोक कुरकुरतात. इथे प्रत्येक दुकानदार ओलं फडकं हातात घेऊनच बोलत होता, आणि फडकं काळं झालं की मुकाट्याने बादलीत पिळत होता.

प्रल्हाद कोळशाच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे एवढंच मला माहीत होतं. विचारत विचारत क्वार्टर सापडलं. दार एका बाईने उघडलं. माझ्याच वयाची, हातात भाजीची पळी. ही सुमनवहिनी, प्रल्हादची बायको.

"कोन पायजे?"

"प्रल्हादरावांना भेटायचं होतं. मी त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेतून आले."

ती दारातून हलली नाही. "कोनी मेलं का तिकडं?"

"नाही, नाही."

"मंग आता काऊन आठवन आली?"

मी पेटी खाली ठेवली. माझी पेटी, माझे धुळीने भरलेले पाय तिने पाहिले आणि बाजूला झाली. "या. राग वेगळा आन् जेवन वेगळं. हात धुवा."

पानात भात, अंबाडी घातलेलं वरण आणि आंब्याचं तिखटजाळ लोणचं होतं. अंबाडीची भाजी आमच्याकडेही करतात, पण वरणात तिचा असा आंबटपणा मी पहिल्यांदा चाखला. वहिनीचे आजोबा निजामाच्या काळात महसुलात कारकून होऊन इथे आले, तेव्हापासून हे घराणं इथलंच. ती स्वतः तेलुगू शाळेत शिकवायची. शेजारणीशी तेलुगूत बोलून ती माझ्याकडे वळायची आणि मराठीत माझ्या सरांचे वाभाडे काढायची.

"तुमाले मालूम नाही का काय झालं थे?"

"नाही."

तिने सांगितलं. एका चर्चासत्रात, बाहेरचे पाहुणे समोर असताना, प्रल्हाद उठून म्हणाला की सरांनी साखळी एका ठिकाणी चुकीच्या दिशेने ओवली आहे. सर हसले आणि म्हणाले, कोळशाच्या जिल्ह्यातून आलेल्या डोळ्यांना सगळं काळंच दिसणार. सगळं सभागृह हसलं. त्यानंतर प्रल्हादला कोणी रागावलं नाही, काढून टाकलं नाही. नुसती त्याच्या शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मिळाली नाही.

"आमच्या यायची दरखास्त सायबाच्या टेबलावर पडून. दस्तखत काही होत नाही. प्रबंध लिहून तयार, पन वाचाले सायबाले सवड नाही. रोज जात, दाराशी बसत. मी नव्यानं लगन करून गेलती तिथं. घरभाडं देनं होईना तवा निंगून आलो." तिने माझ्या पानात आणखी भात वाढला. "तिथले कोनी गाडीवर पोचवाले बी आले नाही. आता तुमाले पाठवलं. नाव टाकतील का यायचं?"

"टाकतील. सरांनी स्वतः सांगितलंय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की घास तोंडात फिरायला लागला.

प्रल्हाद घरी नव्हता. त्याच्या मोठ्या भावाचा बैलगाडीवरून पडून पाय मोडला होता, आणि कापूस वेचणीला आलेला. म्हणून रजा टाकून तो तलमडुगूच्या पुढे, आपल्या गावी गेला होता. मंचेरियल जिल्ह्याच्या एका टोकाला, तलमडुगू दुसऱ्या. "इतल्या दूर जासान?" वहिनीने विचारलं. जाईन म्हटल्यावर तिने भाकरी बांधून दिली आणि बसथांब्यापर्यंत पेटीची एक कडी धरून आली.

घाटातली बस

आसिफाबादमार्गे उटनूरकडे जाणारी बस लाल रंगाची, आणि आतून तिच्यात मिरच्या, कोंबड्या आणि विडीचा धूर यांचा एकच वास. कंडक्टरने पेटीकडे बोट केलं. "पेट्टे पैना, अम्मा." म्हणजे पेटी टपावर. मी मान हलवली. पेटीत नकाशा होता: पारदर्शक प्लास्टिकचे पातळ तक्ते, प्रत्येकावर शाईने काढलेली ढगांची वेटोळी. ओळीने एकावर एक, मध्ये थोडं अंतर ठेवून रचले की साखळीचा ढग उभा राहतो. संगणकाच्या पडद्यावर तेच दिसतं. पण संगणक काही बसमधून नेता येत नाही. मी पेटी मांडीवरच ठेवली, आणि कंडक्टर पुटपुटत पुढे गेला.

केरामेरीच्या घाटात बसच्या तोंडातून वाफ यायला लागली आणि ड्रायव्हरने ती कडेला लावली. आमच्याकडे अशा वेळी निम्मे उतारू ड्रायव्हरशी भांडतात, निम्मे घड्याळ बघतात. इथे सगळे उतरून सागाच्या झाडांखाली बसले, शिदोऱ्या सोडल्या, कोणी पाणी आणायला ओढ्याकडे गेलं. जणू बस इथे थांबणार हे घरून निघतानाच ठरलं होतं. एका बाईने न विचारता माझ्या भाकरीवर ठेचा ठेवला आणि माझा एक तुकडा स्वतः घेतला. सागाची मोठमोठी पानं वाळून पडलेली, त्यांच्यावरून चाललं की पत्रा वाजवल्यासारखा आवाज. खाली दरीत ज्वारीचे पिवळे तुकडे आणि एखादी गोंडांची वस्ती. पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

तेवढ्यात मी पेटी उचलायला गेले आणि तिची कडी निघून हातात आली. पेटी आपटली, झाकण उघडलं आणि तक्ते घाटरस्त्यावर पसरले. वारा होता. लोक धावले. पोरीबाळी, कंडक्टर, ठेचा देणारी बाई, सगळ्यांनी झुडपांतून तक्ते गोळा करून आणले. एका अडत्याने एक तक्ता सूर्यासमोर धरला, मागूनपुढून पाहिला आणि मला गंभीरपणे विचारलं, "बहेनजी, इसमें हड्डी किधर है?"

"हड्डी नहीं है," मी म्हटलं.

"तो बीमार कौन है?"

मी हसले. त्या सबंध प्रवासात मनापासून हसले ती तेवढीच. तक्त्यांच्या कोपऱ्यात क्रमांक होते म्हणून पुन्हा लावता आले. एक फाटला होता, आणि एकावर कोणाच्या तरी चपलेचा ठसा होता.

तलमडुगूच्या पुढे

आदिलाबादला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जीपने तलमडुगू, आणि पुढे पायी. काळी जमीन, फुटलेला कापूस, मधे मधे तूर. इथून सरळ चालत गेलं तर पलीकडे महाराष्ट्र. सोयरिकी पलीकडच्या, बाजारही पलीकडचा, फक्त कचेरी तेलुगूत. एका वावरात बायकांच्या रांगेत एक उंच माणूस कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होता. चष्म्याच्या काड्या दोऱ्याने मानेमागे बांधलेल्या. तोच प्रल्हाद असणार, हे कळायला कोणाला विचारावं लागलं नाही.

मी नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. त्याने ओटी सोडून कापूस गाठोड्यात टाकला.

"बस केरामेरीत बंद पडली असंल," तो म्हणाला.

"पडली."

"थे दर वेळी पडते." आणि घराकडे चालायला लागला.

घरी खाटेवर त्याचा मोठा भाऊ पाय बांधून पडला होता. माझ्या पेटीतून डोकावणारे तक्ते पाहून तो आशेने उठून बसला. "माया पायाचा फोटू आनला का, बाई?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तालुक्याच्या डॉक्टरने फोटो काढायला सांगितला होता, पण तिथलं यंत्र बंद होतं. मी एवढ्या लांबून क्ष-किरणांचेच तक्ते घेऊन आले, आणि त्याचा काही उपयोग नाही, हे त्या माणसाला पटेना. त्याला समजावून सांगताना मला लाज वाटली.

जेवणं झाल्यावर मी प्रल्हादला सरांचा निरोप दिला. जागा. प्रबंध. पेपरात नाव. तो कापसातून काडीकचरा वेचत ऐकत होता.

"सायब बरे हायेत?" त्याने विचारलं.

"बरे आहेत."

"मी येत नाही."

"का?"

"काय करू येऊन? प्रबंध लिहिला तवाचा प्रल्हाद आता नाही. मी कोळसा जाळतो, राख तोलतो, घरी येतो. राखेच्या बाबतीत मायाशी कोनी खोटं बोलत नाही. आन् मी कोनाले चुकलं म्हनलं, तर थो मानूस पुन्हा जाळून पाहते. हसत नाही."

मी सरांची बाजू मांडायचा प्रयत्न केला. कशी मांडली ते आठवत नाही, आठवूही नये. तो ऐकत राहिला. मग माझाच तोल गेला.

"तुमचं काय झालं ते मला सुमनवहिनींनी सांगितलं. वाईट झालं. पण माझं काय? मी तर तुमचं काही केलं नव्हतं. त्या नमुन्यावर विसंबून मी माझी तरुणपणाची वर्षं घातली. एकही बदल टिकला नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही इथे बसून राहिलात."

खाटेवरचा भाऊ दुसरीकडे पाहायला लागला. प्रल्हादचे हात थांबले.

"कुठं केले बदल?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. पहिला टाका सांगितला आणि तो हसला. त्या हसण्यात आनंद नव्हता. "अवं बाई, थ्या दोन कड्या येकमेकीच्या शेजारी नाहीतच. येक घराच्या आत हाय, दुसरी मागच्या आंगनात. तुमी त्यायले दोरीनं बांधलं, मंग घर पडंल नाही तर काय?"

दुसरा सांगितला. त्याने हातातला कापूस खाली ठेवला. तिसऱ्यानंतर त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले. "इतले दिवस?" तो म्हणाला. "कोनीच सांगितलं नाही तुमाले?"

"कोणीच नाही."

तो उठून बाहेर गेला. सकाळी मी तोंड धुऊन येते तोवर त्याने अंगण झाडून घेतलं होतं, तुळईला एक पांढरं धोतर ताणून बांधलं होतं, आणि ज्वारीच्या धांड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे कापून ठेवले होते. "आना थे पेटी," तो म्हणाला.

तक्त्यांच्या चारी कोपऱ्यांत धांड्याचे तुकडे ठेवत आम्ही एकावर एक रास रचली, मग ती दोरीने बांधून धोतरासमोर उभी केली. मागून ऊन आलं. प्रयोगशाळेतल्या दिव्याच्या पेटीवर मी हा नकाशा हजारदा पाहिला होता. पण नेहमी सरांचा नमुना शेजारी ठेवून, आणि नमुन्यात आहे तेच ढगात शोधत. प्रल्हादने नमुना मागितलाच नाही. त्याने काडी हातात घेतली आणि साखळीच्या एका टोकापासून निघाला. इथे वळते, इथे फिरकी घेते, इथे जाड कडी, बघा केवढा ढग. मी कड्यांची नावं क्रमाने म्हणत गेले, आणि तो काडी पुढे नेत गेला. चपलेच्या ठशाचा तक्ता आला तेव्हा म्हणाला, "इथं कोन्या तरी मोठ्या मानसाचा पाय पडला." आणि पुढे गेला.

मग तो थांबला. "इथं. इथं दोन तुकडे जवळ येतात आन् ढग इरतो. सायबायनं डाव्या हाताले उडी मारली, कारन थे जवळ दिसलं, आन् पुढचा तुकडा शेपटीकडून ओवला. आता फांद्या पाहा. साखळीतून बाजूले ज्या फांद्या निंगतात, त्या कोनीकडं झुकतात?"

मी पाहिलं. त्या उलट्या झुकत होत्या. पुढची जाड कडी जिथे हवी तिथे ढग बारीक होता, आणि जिथे बारीक कडी धरली होती तिथे ढग फुगलेला. डावीकडे न जाता उजवीकडे गेलं की सगळं सरळ होत होतं. फांद्या, जाड कड्या, सगळं आपापल्या जागी बसत होतं. तो सबंध तुकडा प्रयोगशाळेत आम्ही पोतडीत पाय वर करून माणूस घालावा तसा घातला होता. माझ्या तिन्ही टाक्यांच्या जागा त्याच तुकड्यात होत्या.

मला रडू आलं नाही. मला फार आनंद झाला. ते ढग जसे होते तसे अखेर दिसत होते. प्रल्हादही त्या वेळी कोणी दुसराच होता. बोलताना भराभर हातवारे करत होता, धोतराच्या या बाजूला त्या बाजूला धावत होता. त्याने टाका कुठे घालायचा ती जागाही दाखवली. वावरात जायला उशीर झाला म्हणून भावजय दोनदा हाक मारून गेली, त्याला ऐकू गेलं नाही.

"काल येत नाही म्हणालात, मग हे का दाखवलंत?" मी शेवटी विचारलं.

"राग सायबाचा हाय. थ्या साखळीनं मायं काय केलं?" त्याने तक्ते एकेक करून पेटीत ठेवले. पेटीच्या कडीला त्याने तार बांधून दिली. जीपपर्यंत सोडायला आला. मी पुन्हा म्हटलं, चला. तो म्हणाला, "दादाचा पाय बसू द्या." तो येणार नाही हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

परतल्यावर

सरांना मी सगळं दाखवलं. ते नकाशासमोर बसले, तक्ते मागूनपुढून पाहिले आणि म्हणाले, "हो, मलाही हल्ली शंका येतच होती."

प्रल्हादने दाखवलेल्या जागी मी टाका घातला. एन्झाइम कढत पाण्यात ठेवलं. नळी काढली तेव्हा पाणी नितळ होतं, तळाशी काही नव्हतं, आणि एन्झाइम खळ पचवत होतं. प्रयोगशाळेत पेढे वाटले. सरांनी पेपर लिहायला घेतला: पूर्वीच्या नमुन्यात सुधारणा, आणि त्या आधारे उष्णतेला टिकणारं एन्झाइम. पहिल्या पानावर तीन नावं. सरांचं, माझं आणि नव्याने लागलेल्या एका संशोधकाचं.

"प्रल्हादचं?" मी विचारलं.

"त्याने काय केलं?"

"त्याने साखळी ओवली, सर."

"त्याने बघितलं. स्फटिक आपले, नकाशा आपला, प्रयोग तुझे. येऊन बघून सांगणाऱ्यांची नावं घालायला लागलो तर पान पुरायचं नाही."

"तुम्ही मला सांगितलं होतं. मी त्यांच्या बायकोला सांगून आले. त्यांच्या घरी जेवून आले."

"येतो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती," सर म्हणाले. ते चिडले नव्हते, याचंच मला जास्त वाईट वाटलं. "तू भावनेच्या भरात आहेस. दोन दिवस जाऊ देत."

दोन दिवस गेले नाहीत. मी लेखणी घेतली आणि त्यांच्यासमोर माझं नाव खोडलं. मग राजीनामा दिला. पेपर दोन नावांनी छापून आला, आणि त्याचा गाजावाजाही झाला. मी एका कॉलेजात शिकवायला लागले. खरं सांगायचं तर ते काही महिने मी आतून ताठ होते. घरच्यांनी वेड्यात काढलं, तरी मला आपण काहीतरी स्वच्छ केलं असं वाटत होतं. आणि ते ज्याच्यासाठी केलं त्याला कळावं असंही वाटत होतं.

म्हणून एका दुपारी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून मंचेरियलला त्याच्या ऑफिसात फोन लावला. कोणीतरी तेलुगूत "आगंडी, आगंडी," म्हणजे थांबा थांबा, म्हणालं, आणि बऱ्याच वेळाने प्रल्हादचा आवाज आला. मी सांगितलं की टाका टिकला.

"कढत पान्यात?"

"कढत पाण्यात."

तो हसल्याचं ऐकू आलं. "मले मालूम होतं. छापून आलं का?"

"आलं. तुमचं नाव नाही. मी खूप सांगितलं."

"थे मी धरूनच चाललो होतो," तो सहज म्हणाला. "मंग तुमचं येकटीचं नाव असंल सायबासंगं."

"नाही. मी माझंही काढून टाकलं. राजीनामा दिला."

पलीकडे कोणीतरी मोठ्याने बोलत होतं, यंत्राची घरघर येत होती.  माझं त्याला ऐकू गेलं नाही असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"आयकून राह्यलो," तो म्हणाला. "काऊन काढलं?"

"तुमचं नाही म्हणून."

"मले इचारलं होतं?"

"नाही."

"त्या अंगनात आपन दोघंच होतो, बाई. मायं नाव येनार नाही, हे तुमी घरी आल्या त्याच दिवशी मले दिसत होतं. पन तुमचं येईल असं वाटत होतं. उद्या कोनी तुमाले इचारलं असतं, हे कसं सापडलं, तर तुमी सांगितलं असतं. तुमचं सगळ्यायनं आयकलं असतं, कारन छापलेल्या पानावर तुमचं नाव असतं. आता त्या पानावर दोन नावं हायेत, आन् दोघांपैकी कोनी तलमडुगू पाहिलं नाही." तो थांबला. आवाज चढला नव्हता. "तुमचं मन साफ झालं. मायं काय झालं?"

मी काहीतरी म्हणायला गेले. त्याला कोणीतरी हाक मारली, आणि तो पलीकडे वळून तेलुगूत काही बोलला. मग पुन्हा माझ्याशी, मराठीत, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "जेवून घ्या आता. ठेवतो."